जिवंत मातीच्या कुंड्यांमधली चिलटं जातच नाहीयेत? तीनदा हरल्यावर मला जे सापडलं ते

सकाळचा चहा घेऊन बसले आणि कपात चिलट. काढलं, फेकलं, दुसरा घोट घेतेय तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोन चालतायत, उडत पण नाहीत नीट, नुसती तुरुतुरु पळतायत. तेव्हाच कळलं की परत आली. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा. ज्यांच्याकडे घरात कुंड्या आहेत, त्यातही ज्यांनी हौसेने जिवंत माती (म्हणजे गांडुळं, बुरशी, जिवाणू आत नांदणारी, दर पिकानंतर न बदलायची माती) वगैरे केलीय, त्यांच्याकडे हे आज ना उद्या होणारच, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांबलचक होईल, पण यात अर्धवट माहितीच जास्त घात करते.

आधी माझा सेटअप सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. पुण्यात फ्लॅट, मागच्या खोलीत लोखंडी रॅक, त्यावर एलईडी ग्रो लाइट टायमरवर चौदा तास, खाली वीस लिटरच्या सहा कापडी कुंड्या. लवंगी मिरची, भावनगरी, चेरी टोमॅटो, बेसिल, पुदिना. माती दोन वर्षं जुनी, म्हणजे पीक निघालं की ओतून टाकत नाही, झाड बुंध्याशी कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची, वरून गांडूळखत आणि पालापाचोळा. कोकोपीट, गांडूळखत आणि भाताचं तूस साधारण सारख्या भागात, त्यात थोडी निंबोळी पेंड, मूठभर जुनी माती. आत गांडुळं आहेत, बुरशीचे पांढरे धागे आहेत. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर सरांच्या प्रयोग परिवारवाल्यांची अमृतमाती (पालापाचोळा कुजवून केलेली माती) ज्यांनी बघितलीय त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

पण घरात, लाइटखाली, कुंडीत हे कसं करायचं म्हणून नेटवर शोधायला गेलात तर निम्मं ज्ञान अमेरिका-कॅनडातल्या गांजा लावणाऱ्या लोकांचं निघतं. तिकडे कॅनडात 2018 पासून कायदा झाला, माझा मावसभाऊ ओंटारिओत राहतो, तिथे घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे आणि तो ती बेसमेंटमध्ये तंबू लावून अगदी सेंद्रिय पद्धतीने वाढवतो. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे त्यामुळे कुणी इनबॉक्समध्ये भलते प्रश्न विचारू नका, माझ्याकडे मिरच्याच आहेत. मुद्दा एवढाच की झाड कुठलंही असो, माती तीच, कंपोस्ट टी (खत पाण्यात मुरवून केलेलं पातळ द्रावण) तोच आणि चिलटंही तीच. त्याचा आणि माझा व्हिडिओ कॉल म्हणजे निम्मा वेळ दोघांच्या चिलटांची विचारपूस.

आता पहिली गोष्ट, तुमच्याकडची चिलटं नक्की मातीतलीच आहेत ना बघा. हे मी सुरुवातीला केलंच नव्हतं आणि दोन आठवडे व्हिनेगरचे सापळे लावत बसले. केळ्यांवर घोंघावणारी असतात ती तपकिरी, गुबगुबीत, लाल डोळ्यांची, ती व्हिनेगरला येतात. मोरीच्या भिंतीवर बसलेली केसाळ, पतंगासारखी, बदामाच्या आकाराच्या पंखांची असतात ती ड्रेनेजमधली, त्यांचा कुंडीशी संबंध नाही. मातीतली चिलटं काळी, बारीक, दोन-तीन मिलिमीटरची, लांब पायांची, एखाद्या उपाशी डासासारखी दिसतात. कुंडीला हलकी टपली मारा, मातीवरून उठून थोडंसं उडून परत मातीवरच बसली तर तीच. आणि पाणी घातल्यावर मातीवर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले तर ते स्प्रिंगटेल, त्यांना हात लावू नका, ते जिवंत मातीचे नोकरदार आहेत.

परत परत का येतात ते कळायला त्यांचं कॅलेंडर समजून घ्या, बाकी सगळं यावरच आहे. मादी ओलसर मातीत अंडी घालते, एक मादी शंभर-दोनशे सहज. तीन-चार दिवसांत अळ्या, त्या साधारण दोन आठवडे मातीच्या वरच्या दीड-दोन इंचात खात असतात, मग कोष, मग तीन-चार दिवसांनी चिलट, ते जगतं जेमतेम आठवडाभर. म्हणजे आपल्या घरातल्या तापमानाला फेरा साधारण तीन आठवड्यांचा, थंडीत जास्त. आपण बघतो काय तर फक्त उडणारी. ती म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेर उभी असलेली मंडळी, खरी पंगत आत बसलीय. अळ्या बुरशी आणि कुजकं खातात, ते ठीक आहे, पण संख्या वाढली की कोवळी मुळंही कुरतडतात आणि मूळकूज करणारी पिथियम बुरशी एका कुंडीतून दुसरीत नेतात. मोठ्या मिरचीला फारसं जाणवत नाही. रोपांना मात्र जाणवतं, माझी भावनगरीची अकरा रोपं एका आठवड्यात बुंध्याशी मऊ होऊन आडवी झाली.

पहिल्या वेळी मी फक्त पिवळे चिकट सापळे लावले. दोन दिवसांत सापळा काळा झाला, मला वाटलं जिंकलो. सापळ्यात अडकतात त्यातल्या बऱ्याच जणींनी अंडी आधीच घातलेली असतात. सापळा हे औषध नाही, तो मीटर आहे, आठवड्याला किती चिकटली ते मोजायला उत्तम. एवढंच त्याचं काम.

दुसऱ्या वेळी सगळीकडे वाचलेलं केलं, माती पूर्ण वाळू द्या. साध्या कुंडीला हा सल्ला चांगला आहे, जिवंत मातीला आत्महत्या आहे. दहा दिवस पाणी तोडलं, चिलटं खरंच कमी झाली, पण कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की पाणीच घेत नाही, माती कुंडीच्या कडेपासून सुटली आणि झारीने घातलेलं पाणी सगळं कडेने सरळ खालच्या ताटलीत. वर कोरडं, खाली डबकं. झाडं सुकलेली म्हणून मी अजून पाणी घालतेय, ते पण ताटलीत. गांडुळं खाली पळाली, काही ताटलीत येऊन मेली, तो वास अजून आठवतो. आणि चिलटांनी काय केलं, तर कापडी कुंडीच्या खालच्या ओल्या बाजूने अंडी घातली. म्हणजे माझे हाल करून ती तळमजल्यावर शिफ्ट झाली.

तिसऱ्या वेळी शहाणपण सुचलं, बीटी आणू. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, एक जिवाणू, सेंद्रियवाल्यांना चालतो. कृषी केंद्रात गेले, बीटी द्या म्हटलं, त्यांनी दिलं, मी तीन आठवडे इमानदारीत घातलं आणि शून्य फरक. दुकानदाराची चूक नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. मग मावसभावाला पाकिटाचा फोटो पाठवला तर तो हसायलाच लागला, म्हणाला ताई, हे कुरस्टाकी आहे, हे कोबीवरच्या नाहीतर कपाशीवरच्या अळ्यांचं, पतंगांच्या अळ्यांना चालतं, माशीवर्गाच्या अळ्यांना नाही. आपल्याला हवं ते इस्रायलेन्सिस, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या डासांच्या अळ्यांमध्ये सापडलेलं, म्हणून ते नाव. आपल्याकडे ते डासांच्या अळ्या मारायला वापरतात, त्यामुळे शेतीच्या शेल्फवर न शोधता डासांच्या औषधांत शोधा. पाकिटावर 'इस्रायलेन्सिस' हा पूर्ण शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, बीटी एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ही एक ओळ मला आधी कुणी सांगितली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

त्याच कॉलवर त्याने बटाट्याची टेस्ट सांगितली आणि ती मला फार आवडली. कच्च्या बटाट्याची अर्धा सेंटीमीटर जाड चकती, मातीत किंचित दाबून ठेवायची, दोन-तीन दिवसांनी उचलून खालची बाजू बघायची. मी सहाही कुंड्यांत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पुदिन्यातली उचलली, आधी काहीच दिसलं नाही, नुसती ओली चकती, मग डोळे सरावल्यावर दिसलं की बटाट्याचा पृष्ठभागच हलतोय. पारदर्शक, शेवईच्या तुकड्यासारख्या अळ्या, आतून खाल्लेलं काळपट दिसतंय आणि टोकाला चकचकीत काळं डोकं, मोहरीच्या दाण्याचाही बारीक कण असावा तसं. मोजल्या, बावीस. लवंगीच्या कुंडीत दोन. टोमॅटोत एकही नाही. तोपर्यंत मी सगळ्या कुंड्यांना एकच रोग समजून एकच उपचार करत होते आणि खरा अड्डा दीड कुंडीचा होता.

मग प्रश्न असा की पुदिनाच का. तर पुदिन्याला पाणी आवडतं म्हणून मी त्याला रोज घालत होते हे एक, आणि उरलेला सगळा कंपोस्ट टी त्याच्याच डोक्यावर ओतत होते हे दुसरं. कंपोस्ट टीवर जरा थांबते, कारण याबद्दल भक्तीच जास्त आहे.

माझी पद्धत अशी होती, दहा लिटरची बादली, आठ लिटर पाणी, दोन मुठी गांडूळखत, मोठा चमचा गूळ, फिश टँकचा एअर पंप, चोवीस तास. आपल्या जीवामृताचाच चुलतभाऊ समजा, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते, ते काठीने ढवळतात, इथे पंप हवा देतो. जीवामृत शेतात उत्तम, पण बंद खोलीत शेण-गोमूत्र आणि बेसन ओतलंत तर चिलटांचं काय, घरातली माणसंच आधी घर सोडतील. कंपोस्ट टीने झाडं नक्की किती सुधारतात यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, कुठे फायदा दिसलाय कुठे काहीच नाही, माझं स्वतःचं मत असं की चांगलं गांडूळखत मातीवर थेट पसरणं हे ऐंशी टक्के काम करतं. तरी मी करते, हौस आहे.

चुका मात्र चार निघाल्या. मी गाळत नव्हते, खताचा गाळ तसाच मातीवर जायचा, एक ओला थर बसायचा आणि दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी, म्हणजे चिलटांना ताट वाढून पाट मांडलेला. दुसरं, गूळ जास्त. जिवाणूंना जेवढा लागतो त्याहून जास्त घातला की उरलेली साखर मातीत जाते, आणि खत नीट पिकलेलं नसेल तर जास्त गुळाने नको ते जिवाणूही फोफावतात, म्हणून बेसिल-कोथिंबीर अशी कच्ची खायची पानं असतील तर टी पानांवर फवारूच नका, मुळाशीच घाला. तिसरं, रात्री लाइट गेली होती तीन तास, पंप बंद, सकाळी बादलीला गटारासारखा वास आणि मी कंजूषपणा करून तो पण ओतला. असं करू नका. टीला पावसात भिजलेल्या जंगलाचा वास यायला हवा, आंबट किंवा सडका आला की सरळ बाहेरच्या झाडाबुंध्याशी लांब ओता आणि बादली, नळी, पंपाचा दगड ब्रशने घासून वाळवा. वर फेस आला म्हणजे टी भारी झाला असंही काही नाही, गूळ असला की फेस येतोच. चौथं आणि सगळ्यात मोठं, दर आठवड्याला घालत होते, तेही ठरलेल्या पाण्याच्या वर. म्हणजे एरवीचं पाणी तर आहेच, शिवाय टी. पावसाळ्यात पुण्यात हवेतच एवढी आर्द्रता की वरचा थर वाळायला वेळच मिळत नव्हता.

एवढं सगळं कळूनही दोन-चार चिलटं कुठून येतात ते सापडेना. कुंड्यांचे बटाटे स्वच्छ आणि सापळ्यावर रोज तीन-चार आहेतच. एक दिवस सासूबाई ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या, अगं तुझ्या त्या पोत्यातून चिलटं येतायत. वॉशिंग मशीनच्या मागे मी गांडूळखताची अर्धी गोणी तोंड नुसतं दुमडून ठेवली होती, पावसाची झड लागून एक कोपरा ओला, आणि शेजारी भिजवलेल्या कोकोपीटचं उघडं टब. गोणी उघडली तर धूर निघावा तशी वर आली. म्हणजे मी कुंड्या साफ करत होते आणि दर वेळी मातीवर वरून जे नवीन खत पसरत होते त्यातूनच अंडी घरपोच देत होते. आठ महिने! सासूबाईंनी पुढे दोन दिवस हा विषय जेवताना काढला, तो भाग सोडून देते.

आता मी शेवटी काय केलं ते, ज्याने थांबलं. गोणीतलं खत पसरट टबात उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली चार दिवस तापवलं (गांडुळं आधी काढून घेतली, आणि हो, यात खतातले बाकीचे जीवही बरेच मरतात, पण ते मातीत गेल्यावर परत वाढतात), मग घट्ट झाकणाच्या डब्यात. कोकोपीट लागेल तेवढंच भिजवायचं. पुदिना दुसऱ्या खोलीत हलवला. प्रत्येक कुंडीवरचा वरचा इंचभर थर खरवडून सोसायटीच्या कंपोस्ट पिटात, त्या जागी नवीन खत न घालता दोन सेंटीमीटर जाडसर धुतलेली वाळू. बारीक वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते. त्या वाळूवर आता वरून पाणी घालायचंच नाही, पाणी खालून. ताटलीत दीड-दोन सेंटीमीटर पाणी, अर्धा तास, कुंडीने प्यायलं तेवढं प्यायलं, उरलेलं ओतून टाकायचं. याने आत ओल राहते, गांडुळं खुश राहतात आणि वरचं कोरडं राहतं, म्हणजे माती पूर्ण वाळवण्याचा जो हेतू होता तो माती न मारता साधतो.

आणि इस्रायलेन्सिस. लेबलवरच्या प्रमाणात साध्या पाण्यात, दर पाच-सहा दिवसांनी, हे मात्र वरून, वाळू आणि खालचा दोन इंचाचा थर भिजेल एवढंच, कारण अळीने ते खाल्लं पाहिजे तरच मरते. ते अंड्यांना, कोषांना, उडणाऱ्यांना काही करत नाही, गांडुळांनाही नाही. उन्हाने खराब होतं म्हणून ग्रो लाइट बंद झाल्यावर संध्याकाळी घाला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, टीच्या बादलीतही तसंच. टीच्या बादलीत हे टाकून चोवीस तास फिरवू नका, वेगळं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन आठवड्यांनी चिलटं दिसेनाशी झाली की थांबू नका. मी तिथेच दोनदा थांबले होते. फेरा तीन आठवड्यांचा आहे, त्यामुळे मी पाच आठवडे पूर्ण केले.

सापळ्याचे आकडे लिहून ठेवले होते. पहिल्या आठवड्यात एकाहत्तर, मग चौसष्ट, इथे धीर सुटतो कारण कोषातली बाहेर येतच असतात, मग एकोणीस, मग पाच, मग एक. टी तेव्हापासून महिन्यातून एकदा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून, आठ लिटरला एक छोटा चमचा गूळ, आणि त्या दिवशीच्या पाण्याच्या ऐवजी, जास्तीचा नाही. वीस लिटरच्या कुंडीला एका वेळी साधारण लिटरभरच.

मावसभाऊ तिकडे सूत्रकृमी वापरतो, स्टायनरनेमा फेल्टिए नावाचे, फ्रिजमधल्या पाकिटात येतात, पाण्यात मिसळून ओतायचे, ते अळीत शिरून तिला मारतात. त्याच्या थंड बेसमेंटला ते मस्त चालतात. आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीत त्यांना उकडतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

दालचिनी पूड, हळद, कॉफीचा चोथा हे विचारणारच तुम्ही. दालचिनीने फार तर वरची बुरशी जरा आटोक्यात राहते. हळदीने फक्त फरशी पिवळी झाली. कॉफीचा चोथा ओला राहतो आणि त्यावर बुरशी येते, म्हणजे उलटंच. हायड्रोजन पेरॉक्साइडने अळ्या मरतात हे खरं, पण वरच्या थरातलं बाकी सगळंही मरतं, मग जिवंत माती कशाला म्हणायची. निंबोळी पेंड चांगली आहे पण मातीत मिसळून, वर पसरून भिजवली की तिच्यावर कापसासारखी बुरशी चढते. सेंद्रिय म्हणून विकली जाणारी पांढरी भुकटी, डायटोमेशियस अर्थ, कोरडी असेपर्यंतच काम करते, ओल्या मातीवर ती नुसतं पीठ.

चिलटं गेली तरी पानं पिवळी राहिली असतील तर लगेच खत घालू नका, आधी कुंडी उचलून बघा. जड असेल आणि खालची पानं पिवळी, तर मुळं गुदमरलीत, पाणी थांबवा आणि कुंडीखाली विटा ठेवून हवा खेळू द्या. हलकी असेल आणि कडा कुरकुरीत, तर कोकोपीट वाळलंय, एका बादलीत तासभर बसवा. माझ्या लवंगीला हे दुसरं झालं होतं, ती सावरली, आता फुलांवर आहे.

पुदिना अजून दुसऱ्या खोलीतच आहे. काल त्याच्यात परत बटाटा लावलाय, परवा रात्री टॉर्च घेऊन बघेन, बावीसच्या खाली असतील तर त्याला रॅकवर जागा, नाहीतर मग छाटून फक्त काड्या पाण्यात मूळ धरायला ठेवणार आणि ती माती सरळ सोसायटीच्या पिटात.